भारतीय रेल्वेमार्गांचे गेज

रेल्वे गेज म्हणजे लोहमार्गाच्या दोन समांतर रुळांच्या आतील कडांमधील अंतर होय. भारतात प्रामुख्याने चार गेज वापरली गेली आहेत: १,६७६ मिमीचे ब्रॉडगेज, १,००० मिमीचे मीटरगेज आणि ७६२ व ६१० मिमीची दोन नॅरोगेज. त्यांना मराठीत अनुक्रमे रुंदमापी, मीटरमापी आणि अरुंदमापी असे प्रतिशब्द आहेत; मात्र बोलण्यात आणि रेल्वेच्या व्यवहारात मूळ शब्दच रूढ आहेत. देशभर एकच गेज असावे, असे धोरण १८५० च्या सुमारास ठरले होते. १८७० मध्ये काटकसरीसाठी ते सोडून देण्यात आले आणि १९९२ मध्ये ‘एकगेज प्रकल्पा’च्या रूपाने पुन्हा स्वीकारण्यात आले. मधल्या सुमारे सव्वाशे वर्षांत भारतीय रेल्वेचे जाळे वेगवेगळ्या रुंदीच्या तुकड्यांत विभागलेले होते. या विभागणीचा परिणाम मालवाहतूक, दुष्काळनिवारण, लष्करी हालचाली आणि सामान्य प्रवास या सर्वांवर झाला.

व्याख्या आणि मोजणी

गेज हे रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले जात नाही. रुळाच्या माथ्याच्या आतल्या बाजूस, माथ्यापासून १३ ते १४ मिमी खाली, एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंतचे अंतर घेतले जाते. याच पातळीवर चाकाचा रुळाच्या बाजूशी स्पर्श होऊ शकतो, म्हणून मोजणीसाठी ती निवडलेली आहे.

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने फ्लँज नावाची उंच कड असते. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असून आसाबरोबरच फिरतात. चाकाचा रुळावर टेकणारा पृष्ठभाग सपाट नसतो. तो बाहेरच्या बाजूस किंचित उतरता, शंकूसारखा असतो. पारंपरिक रचनेत हा उतार २० ला १ असा ठेवला जाई. त्यामुळे गाडी एका बाजूला सरकली की त्या बाजूचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि दुसऱ्या बाजूचे चाक आपल्या लहान घेरावर चालू लागते आणि गाडी आपोआप मध्याकडे परत येते. सरळ मार्गावर गाडीला सावरण्याचे मुख्य काम हा उतार करतो. फ्लँज ही अखेरची सुरक्षा आहे. गेज ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढले तर चाक दोन रुळांच्या मध्ये उतरण्याचा धोका निर्माण होतो आणि कमी झाले तर फ्लँज रुळावर घासून चढण्याची शक्यता वाढते. म्हणून काही मिलिमीटरचीच सूट दिलेली असते आणि मार्गाची देखभाल करणारे कर्मचारी मोजपट्टीने गेज नियमितपणे तपासतात.

गेज आणि गाडीच्या डब्याची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबा रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना पुढे आलेला असतो. तो किती पुढे येऊ शकतो, हे बोगदे, पूल, फलाट आणि शेजारच्या मार्गापासूनचे अंतर यांवर अवलंबून असते. तरीही रुंद गेजवर अधिक रुंद, अधिक उंच आणि अधिक वजनाची वाहने सुरक्षितपणे चालवता येतात. भारतात ब्रॉडगेजच्या प्रमुख मार्गांवर एका आसावर २२.९ टन, तर काही मालवाहू मार्गांवर २५ टनांपर्यंत भार चालतो. मीटरगेजवर बहुतेक ठिकाणी हा भार साधारण १२ ते १३ टन इतकाच असे.

प्रमुख गेज

भारताशी संबंधित गेज आणि त्यांची मापे पुढीलप्रमाणे आहेत.

ब्रॉडगेज: १,६७६ मिमी (५ फूट ६ इंच). भारताखेरीज पाकिस्तान, श्रीलंका आणि बांगलादेशाचा काही भाग येथे, तसेच दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना व चिली येथे वापरात.

प्रमाण गेज: १,४३५ मिमी (४ फूट साडेआठ इंच). जगात सर्वाधिक वापरले जाणारे गेज. भारतात पूर्वी कोलकात्याच्या ट्राममार्गांसाठी आणि आता बहुतेक शहरांतील मेट्रोसाठी वापरात.

मीटरगेज: १,००० मिमी (३ फूट ३⅜ इंच).

नॅरोगेज: ७६२ मिमी (२ फूट ६ इंच) आणि ६१० मिमी (२ फूट).

पार्श्वभूमी: इंग्लंडमधील गेजवाद

भारतात रेल्वे येण्यापूर्वीच गेजचा प्रश्न इंग्लंडमध्ये मोठ्या वादाचा विषय झाला होता. जॉर्ज स्टीफन्सन याने ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींतील गाडीमार्गांवर रूढ असलेले सुमारे ४ फूट ८ इंचांचे माप आपल्या रेल्वेसाठी घेतले. पुढे चाकांना मोकळीक मिळावी म्हणून त्यात अर्धा इंच वाढवण्यात आला आणि १८३० मध्ये सुरू झालेला लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग ४ फूट साडेआठ इंचांचा झाला. हे माप रोमन रथांच्या चाकांवरून थेट आले, अशी एक कथा लोकप्रिय आहे. मात्र रोमन काळापासून एखादे ठरीव प्रमाण अखंड चालत आले, असे दाखवणारा पुरावा नाही. घोड्याने ओढायच्या गाड्यांची चाके सर्वत्र जवळपास सारख्याच अंतरावर असत, इतकेच त्यातले तथ्य आहे.

इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी मात्र ७ फूट पाव इंचाचे गेज निवडले. वेग आणि स्थैर्य या दृष्टींनी ते सरस ठरले. अडचण आली ती दोन्ही मार्ग ग्लॉस्टर येथे एकमेकांना मिळाल्यावर. तेथे प्रत्येक प्रवाशाला गाडी बदलावी लागे आणि प्रत्येक वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. १८४५ मध्ये याविषयी चौकशी आयोग नेमण्यात आला. १८४६ च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमधील नव्या प्रवासी मार्गांसाठी ४ फूट साडेआठ इंच आणि आयर्लंडसाठी ५ फूट ३ इंच हे गेज ठरवण्यात आले. संख्येने अधिक पसरलेल्या अरुंद गेजने तांत्रिकदृष्ट्या सरस गेजवर मात केली. ग्रेट वेस्टर्नचे शेवटचे रुंद मार्ग मे १८९२ मध्ये बदलण्यात आले.

साडेपाच फुटांचा निर्णय

या वादाच्या काळात ब्रिटनमध्ये रेल्वेचा कारभार पाहणाऱ्या ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या खात्यात लॉर्ड डलहौसी काम करीत होते. १८४८ मध्ये ते गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आले, तेव्हा ब्रिटनमधील गोंधळ त्यांच्यासमोर ताजा होता. भारतात अद्याप एकही मार्ग सुरू झालेला नसल्याने आरंभीच एक गेज ठरवून ते देशभर पाळावे, अशी त्यांची आग्रही भूमिका होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा कल प्रथम इंग्लंडमधील ४ फूट साडेआठ इंचांकडे होता. सरकारचे सल्लागार अभियंता सिम्स यांनी ५ फूट ६ इंचांची शिफारस केली. भारतातील वादळी वाऱ्यांत रुंद गाडी अधिक स्थिर राहील आणि इंजिनाच्या यंत्रणेलाही अधिक जागा मिळेल, अशी कारणे या शिफारशीमागे होती. डलहौसी यांनी त्याहूनही रुंद, म्हणजे ६ फुटांचे गेज सुचवले. अखेरीस १८५१ च्या सुमारास ५ फूट ६ इंचांवर शिक्कामोर्तब झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदर स्थानकातून ठाण्याकडे निघालेली पहिली प्रवासी गाडी याच गेजवर धावली. पुढील सुमारे दोन दशके मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथून निघालेले सर्व मुख्य मार्ग याच रुंदीचे बांधले गेले. त्यामुळे ते जेथे एकमेकांना मिळाले तेथे गाडी न बदलता पुढे जाता आले.

मीटरचा प्रवेश

आरंभीचे मार्ग खासगी ब्रिटिश कंपन्यांनी बांधले. त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. उत्पन्न कमी पडल्यास फरक भारताच्या महसुलातून भरला जाई. त्यामुळे खर्च आटोक्यात ठेवण्याची निकड कंपन्यांना वाटत नसे आणि तिजोरीवरचा बोजा वाढत गेला. १८६९ मध्ये व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड मेयो यांच्या काळात सरकारने स्वतः स्वस्त मार्ग बांधण्याचे ठरवले. त्यासाठी अरुंद गेजचा विचार पुढे आला.

किती अरुंद, यावर मतभेद झाले. १८७० मध्ये नेमलेल्या समितीतील बहुसंख्य सदस्यांनी २ फूट ९ इंच, तर जॉन फाउलर यांनी ३ फूट ६ इंच सुचवले. मेयो यांचा कल ३ फूट ३ इंचांकडे होता. याच सुमारास भारतात दशमान मापे आणण्याचा विचार सरकारदरबारी चालू होता. ३ फूट ३ इंच हे अंतर एका मीटरच्या अगदी जवळचे असल्याने ते नेमके एक मीटर करण्यात आले. १८७१ मध्ये वजनमापांविषयी एक कायदा संमत झाला. त्यात ‘सेर’ हे वजन एका किलोग्रॅमइतके ठरवण्यात आले होते. १८७२ मध्ये मेयो यांची अंदमानात हत्या झाली आणि हा कायदा प्रत्यक्षात लागू झालाच नाही. बाजारात शेर, मण, गज आणि कोस चालूच राहिले. दशमान पद्धत सर्वत्र लागू करणारा कायदा स्वतंत्र भारतात १९५६ मध्ये झाला. अशा रीतीने मीटर हे एकक भारतातील दुकानांत पोचण्याच्या ८० हून अधिक वर्षे आधी रुळांमधील अंतराच्या रूपाने जमिनीवर उतरले होते.

पहिला मीटरगेज मार्ग १८७३ मध्ये दिल्ली ते रेवाडी असा सुरू झाला. त्यानंतर राजपुताना, गुजरात, दक्षिण भारत, उत्तर बिहार आणि आसाम येथे मीटरगेजचे विस्तृत जाळे तयार झाले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन खंडवा–इंदूर मार्ग बांधवून घेतला. तोही मीटरगेज होता. याउलट, वायव्य सरहद्दीकडे जाणारे मार्ग लष्करी कारणांसाठी ब्रॉडगेजच ठेवण्यात आले. सैन्य आणि तोफा वाटेत उतरवून पुन्हा चढवणे परवडणारे नाही, हे सरकारने तेथे मान्य केले. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये १८७३ मध्ये या धोरणावर दीर्घ चर्चा झाली. बांधकामात होणारी बचत पुढे माल हलवण्याच्या खर्चात नाहीशी होईल, असे विरोधकांचे म्हणणे होते.

नॅरोगेज मार्ग

भारतातील पहिला नॅरोगेज मार्ग मीटरगेजच्याही आधीचा आहे. बडोद्याच्या गायकवाड संस्थानात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा २ फूट ६ इंचांचा मार्ग सुरू झाला. आरंभी त्यावरील गाड्या बैल ओढत असत. पुढे दोन कारणांसाठी नॅरोगेजचा प्रसार झाला. पहिले कारण डोंगर. अरुंद मार्गाला तीव्र वळणे घेता येतात, त्यामुळे बोगदे, पूल आणि खोदकाम कमी लागते. दार्जिलिंग (१८८१, ६१० मिमी), कालका–सिमला (१९०३, ७६२ मिमी) आणि नेरळ–माथेरान (१९०७, ६१० मिमी) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. माथेरानचा मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधला. दुसरे कारण कमी वाहतुकीचे प्रदेश. जेथे मोठा मार्ग बांधणे परवडत नसे तेथे कापूस, धान्य आणि यात्रेकरू यांच्यासाठी हलके मार्ग घालण्यात आले.

गेजभंग आणि त्याचा खर्च

दोन भिन्न गेजचे मार्ग जेथे मिळतात त्या ठिकाणी होणाऱ्या खंडाला गेजभंग म्हणतात. अशा जंक्शनवर दोन्ही मार्गांचे मालधक्के समोरासमोर बांधलेले असत. एका बाजूच्या वाघिणीतून गोणी उतरवायची, फलाट ओलांडायचा आणि ती दुसऱ्या बाजूच्या वाघिणीत रचायची, हे काम हमाल पाठीवर करीत. धान्य सांडे, पोती फाटत, मातीची भांडी व काचसामान फुटे, चोरी होई. नाशवंत माल वाटेतच खराब होई. दोन्ही गेजच्या वाघिणींची क्षमता वेगळी असल्यामुळे हिशेबही जुळत नसे. एका बाजूला रिकाम्या वाघिणी उभ्या असताना दुसऱ्या बाजूला माल पावसात पडून राही. बिहारमधील गढहरा, गुजरातमधील साबरमती व विरमगाम आणि महाराष्ट्रातील मनमाड ही अशा माल-बदलाची महत्त्वाची ठिकाणे होती.

या खर्चाचे स्वरूप असे होते की तो बांधकामाच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसत नसे. मार्ग स्वस्तात बांधला, ही बचत सरकारच्या खात्यात एकदाच नोंदली जाई. उतरवणे-चढवणे, विलंब आणि नुकसान यांची किंमत मात्र व्यापारी, शेतकरी, प्रवासी आणि हमाल दररोज मोजत राहत. दुष्काळात हे विशेष तीव्रतेने जाणवे, कारण धान्य लवकर पोचवण्याची गरज आणि जंक्शनवरची कोंडी एकाच वेळी शिगेला पोचत.

गेजभंगावर जगभर वेगवेगळे उपाय योजले गेले. तिसरा रूळ टाकून दोन्ही गेजच्या गाड्या एकाच मार्गावर चालवणे हा त्यांपैकी एक. बांगलादेशात असे मार्ग वापरात आहेत. रशियाचे गेज शेजारी देशांपेक्षा रुंद असल्याने सीमेवर डबे उचलून त्यांखालील बोगी बदलल्या जातात. स्पेनमध्ये टाल्गो गाड्यांची चाके धावतानाच आतबाहेर सरकून नव्या गेजला जुळतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंड या तीन प्रांतांनी तीन वेगळी गेज निवडली होती. सिडनी आणि मेलबर्न ही दोन मोठी शहरे एकाच गेजने जोडली जाण्यास १९६२ साल उजाडावे लागले. सर्वांत जलद बदल अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत झाला. तेथे ५ फुटांचे सुमारे १८,५०० किमी मार्ग ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत अरुंद करण्यात आले. एक रूळ फक्त तीन इंच आत सरकवायचा असल्याने आणि खिळे आधीच ठोकून ठेवल्याने हे साध्य झाले. भारतात मीटरगेजचे ब्रॉडगेज करताना ६७६ मिमीचे अंतर वाढवायचे होते. तेथे असा उपाय शक्य नव्हता.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात सर्व प्रकारची गेज वापरात होती. येथील पहिल्या गेज परिवर्तनांपैकी एक नागपूरला झाले. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर–राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन लगेच ब्रॉडगेज केला, कारण मुंबई–कोलकाता या हमरस्त्याचा तो भाग होणार होता.

१८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळी भागांसाठी संरक्षक मार्ग बांधण्याची शिफारस झाली. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने पुणे–मिरज–लोंढा आणि होटगी–गदग हे मार्ग बांधले. ते मीटरगेज होते. पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा घाटमार्गही मीटरगेजच झाला आणि लोंढ्यास त्यांना मिळाला. परिणामी मुंबईहून सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा गोव्याकडे रेल्वेने जाणाऱ्यास पुण्यात गाडी बदलावी लागे. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. मिरजेच्या पुढील आणि गोव्याच्या मार्गांचे परिवर्तन १९९० च्या दशकात झाले. मधल्या काळात मिरज हे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही गेज असलेले जंक्शन होते.

मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाने मनमाडपासून औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी व नांदेडमार्गे हैदराबादपर्यंत मीटरगेज मार्ग बांधला. १९०० च्या सुमारास तो सुरू झाला. मुंबईकडे जाणारा मराठवाड्यातील माल सुमारे ९० वर्षे मनमाडला उतरवून पुन्हा भरावा लागत होता. या मार्गाचे परिवर्तन १९९० च्या दशकात झाले.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. ७६२ मिमीच्या रुळांवर सर्व वाहनांसाठी एका आसावर ५ टनांची मर्यादा ठेवून, हलक्या रुळांवरही बऱ्यापैकी मोठी वाहने चालवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे हा मार्ग एका बाजूला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत वाढवण्यात आला. पंढरीच्या वारकऱ्यांसाठी तो कित्येक दशके मोठा आधार होता. विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा ‘शकुंतला’ म्हणून ओळखला जाणारा मार्ग कापसासाठी बांधण्यात आला. त्याच्या गाड्यांतील कापूस मूर्तिजापूरला ब्रॉडगेजच्या वाघिणींत भरला जाई. नागपूर–छिंदवाडा आणि गोंदिया–जबलपूर हे मार्ग सातपुडा नॅरोगेज जाळ्याचे भाग होते.

एकगेज प्रकल्प

स्वातंत्र्यानंतर निवडक मार्गांचे परिवर्तन होत राहिले, तथापि त्यामागे देशव्यापी धोरण नव्हते. १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने एकगेज प्रकल्प हाती घेतला. काही डोंगरी वारसा मार्ग वगळता सर्व मीटरगेज आणि नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज करणे हा त्याचा उद्देश होता. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक मार्ग ब्रॉडगेज आहेत.

गेज परिवर्तन म्हणजे केवळ रूळ दूर सरकवणे नव्हे. भराव रुंद करावे लागतात, जुने पूल अधिक भारासाठी नव्याने बांधावे लागतात, बोगदे मोठे करावे लागतात आणि तीव्र वळणे सौम्य करण्यासाठी कित्येकदा मार्गच बदलावा लागतो. नवे स्लीपर, खडी, फलाट आणि सिग्नल यांचाही त्यात समावेश होतो. काम चालू असताना मार्ग बंद राहतो. जेथे त्याला पर्याय नसतो तेथील गावांचा रेल्वेशी संबंध महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे तुटतो. लहान स्थानके कायमची बंद होण्याचे प्रकारही घडले आहेत. अकोला–खंडवा मार्गाचा काही भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने त्याच्या रुंदीकरणाला वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीने आक्षेप घेण्यात आला आणि जंगलाबाहेरून मार्ग नेण्याची मागणी पुढे आली. १८७० मध्ये वाचवलेल्या पैशांपेक्षा परिवर्तनाचा खर्च कमी की जास्त, हा हिशेब काटेकोरपणे मांडणे कठीण आहे. त्या काळी स्वस्त मार्ग नसता तर अनेक प्रदेशांत दीर्घकाळ रेल्वेच आली नसती, हा मीटरगेजच्या बाजूचा युक्तिवादही विचारात घ्यावा लागतो.

लातूरची पाणीगाडी

परिवर्तनाचा प्रत्यक्ष परिणाम दाखवणारे एक उदाहरण २०१६ मधील आहे. सलग दुष्काळामुळे लातूर शहराचे जलस्रोत आटले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्याचा निर्णय झाला. राजस्थानातील कोटा येथे टाकीच्या वाघिणी आतून स्वच्छ करून मिरजेस आणण्यात आल्या. एप्रिल २०१६ मध्ये १० वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून निघाली आणि लातूरला पोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी नेण्यात येऊ लागले.

ही गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी, जवळपास जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्याच मार्गाने गेली. हा मार्ग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला होता. तो नॅरोगेजच राहिला असता तर कोट्याच्या वाघिणींना मिरजेच्या पुढे जाता आले नसते आणि एका आसावर ५ टनांची मर्यादा असलेल्या मार्गावर एवढ्या वजनाची गाडी चालवणेही शक्य झाले नसते. वाघीण देशाच्या कोणत्याही भागातून आणून कोणत्याही भागात नेता येणे, हाच समान गेजचा मुख्य लाभ आहे.

प्रमाण गेजचे आगमन

देशातील मुख्य जाळे एका गेजवर येत असतानाच भारतात १,४३५ मिमीचे प्रमाण गेज नव्याने वाढत आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली कोलकाता मेट्रो ब्रॉडगेज आहे. दिल्ली मेट्रोचे २००२ पासून सुरू झालेले आरंभीचे मार्गही ब्रॉडगेज होते. नंतरचे मार्ग मात्र प्रमाण गेजवर बांधण्यात आले. २०१४ मध्ये सुरू झालेली मुंबईची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो, तसेच नागपूर आणि पुणे येथील मेट्रो प्रमाण गेजच्याच आहेत. शहरातील तीव्र वळणांसाठी हे गेज सोयीचे ठरते आणि त्याची तयार वाहने व सुटे भाग जगाच्या बाजारात सहज मिळतात. जपानी शिन्कान्सेन तंत्रावर आधारित मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान मार्गही प्रमाण गेजचा आहे. खुद्द जपानमध्ये जुने मार्ग १,०६७ मिमीचे असूनही १९६४ मधील पहिला शिन्कान्सेन मार्ग स्वतंत्रपणे १,४३५ मिमीवर बांधण्यात आला होता.

मेट्रोच्या गाड्या मुख्य रेल्वेमार्गावर जात नाहीत आणि मालवाहतूकही करीत नाहीत, त्यामुळे येथे माल उतरवून भरण्याचा प्रश्न येत नाही. प्रवासी पायी चालत एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो. मात्र उपनगरी रेल्वेची गाडी मेट्रोमार्गावर किंवा अतिवेगवान गाडी जुन्या स्थानकात नेण्याची गरज पुढे कधी भासल्यास, गेजमधील हा २४१ मिमीचा फरक त्या वेळी विचारात घ्यावा लागेल.